नव्या परवानेदाराने खांद्याला काय लावावं: कोकणात मिळणाऱ्या बंदुका आणि काडतुसं

शेतीसंरक्षणाचा परवाना हातात आला की माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "जरा हलकी दाखवा." इथेच चूक होते. हलकी बंदूक हातात बरी वाटते, पण बार काढल्यावर तीच जास्त मागे मारते. दोन-चार बार असे बसले की नवा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा मागे घेतो आणि नेम जातो. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. म्हणून पहिली बंदूक निवडताना धक्क्याचा विचार आधी करा, नक्षीचा आणि किमतीचा नंतर.

कायद्याचंही आधी सांगायला हवं. शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची 2 मध्ये आहे, त्यामुळे ते मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. गवा अनुसूची 1 मध्ये आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचा विचारही नको. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 नुसार पीक राखण्यासाठी परवाना मिळतो तो ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळा ठासून भरायच्या बंदुकीचा, आणि ती पुरेशी नाही असं जिल्हादंडाधिकाऱ्यांना पटलं तर दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. रायफल यात येत नाही. त्यामुळे वाडीतल्या बहुतेकांसाठी ठासणीची सोडली तर खरी निवड बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) बंदुकांमधूनच आहे.

बारा बोअरसाठी एक जुना हिशोब आजही चोख आहे: छर्ऱ्याच्या वजनाच्या 96 पट बंदुकीचं वजन असावं. 28 ग्रॅम छर्ऱ्याला 2.7 किलो, 32 ग्रॅमला 3.1 किलो. बाजारातली एकनळी बरेचदा पावणेतीन किलोच्या आसपास भरते आणि लोक तिच्यात 32 ग्रॅमचं काडतूस घालतात. तिथेच हिशोब फसतो. 2.7 किलोच्या बंदुकीतून 32 ग्रॅमचा बार काढला तर मागचा धक्का सुमारे 43 जूल (जूल हे ऊर्जेचं माप) येतो. तेच काडतूस 3.2 किलोच्या दुनळीतून काढलं तर 36-37 जूल. त्याच दुनळीत 28 ग्रॅमचं घातलं तर 29 आणि 24 ग्रॅमचं मिळालं तर 24 च्या आत. म्हणजे बोअर तोच राहून धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो. काडतुसाच्या डब्यावर छर्ऱ्याचं वजन छापलेलं असतं, छर्ऱ्याच्या आकाराच्या नंबरच्या आधी ते वाचा.

आमची पसंती म्हणूनच दुनळीला: 3 ते 3.3 किलो, 28 किंवा 30 इंची नळ्या, पुढे-मागे दोन चाप. मात्र दोन चापांची बंदूक नवख्याच्या हातात एक खोड काढते. धक्क्याने बोट पुढच्या चापावरून घसरून मागच्यावर जातं आणि दोन्ही नळ्या एकामागोमाग उडतात. म्हणून पहिले पंचवीस-तीस बार उजव्या नळीत एकच काडतूस भरून काढा, डावी रिकामी ठेवा. पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक वजनदार असते आणि धक्क्याला बरी, पण नवखा माणूस बार काढल्यावर पंप अर्धाच मागे ओढतो आणि काडतूस अडकतं. शिवाय ती भरलेली आहे की नाही हे दुरून दिसत नाही. दुनळी मोडून हातावर टाकली की चार माणसांना कळतं, रिकामी आहे.

दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाचं माप लोक बघतच नाहीत. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या खाचेत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात बसलं पाहिजे. बहुतेक दस्ते चाप ते बूड साधारण 36 सेंटिमीटर असतात. बुटक्या बांध्याच्या माणसाला किंवा बाईमाणसाला 33 पुरतात. दस्ता लांब असला की बूड खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसतं, आणि काळानिळा डाग तिथेच उठतो. एक इंची रबरी गादी लावायची तर आधी लाकूड तेवढंच कापून घ्या, नाहीतर दस्ता आणखी लांबतो. गाल लाकडाला घट्ट टेकलेला हवा. सैल ठेवला तर लाकूड गालफडावर आदळतं, आणि तो मार खांद्यापेक्षा जास्त जाणवतो. कानात बोळे हवेतच, कारण नवख्याला जो धक्का वाटतो त्यातला मोठा भाग आवाजाच्या दचक्याचा असतो.

जुनी विलायती दुनळी वारशाने आली असेल तर तिच्या घरट्याची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी बघा. नळ्या सोडवल्या की बुडाशी खालच्या सपाट भागावर 2½ किंवा 65 असे आकडे सापडतात. तिच्यात 70 मिलिमीटरचं काडतूस सहज बसतं, कारण न उडालेलं काडतूस दुमडलेलं, म्हणून आखूड असतं. उडाल्यावर तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब चढतो आणि धक्काही. नळीवर पोलादाच्या वळ्यांची जाळीदार नक्षी असेल तर ती काळ्या दारूच्या काळातली नळी आहे. तिच्यात आजचं काडतूस घालू नका. वीस बोअरचं काडतूसही घरात ठेवू नका. ते बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून दुसरं भरलं की नळी फाटते.

छर्ऱ्यात सरावाला 4 किंवा 6 नंबर, हलक्या वजनात. डुकरासाठी परवानगी असेल तेव्हाच एसजी किंवा एलजी हे मोठे छर्रे. 32 ग्रॅमच्या काडतुसात एसजीचे साधारण 9 छर्रे असतात, एलजीचे 6-7. त्यामुळे 30 मीटरपलीकडे नुसती जखम होते, आणि जखमी डुक्कर मळ्यात लपलं तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी जिवावर बेततं. आपल्या बंदुकीची फेक, म्हणजे छर्रे किती पसरतात ते, कागदावर बघून घ्या: 30 मीटरवर 75 सेंटिमीटरचं वर्तुळ, पाच बार, आणि प्रत्येक वेळी मधल्या वीतभर जागेत किती छर्रे बसले ते मोजा. पाचांतल्या एकाही बारात तिथे तीनपेक्षा कमी बसले तर आणखी जवळ जायला हवं. पुढे वाडी असेल तर बार नकोच. एसजीचा छर्रा पाचशे मीटरवरही पडतो.

आता रायफल. इशापूरच्या कारखान्याची .315 (इंचातलं नळीचं माप) बऱ्याच जणांना खुणावते. पाच गोळ्यांची, ली-एनफिल्डच्या घडणीची, मजबूत. सुमारे 244 ग्रेनची, म्हणजे 16 ग्रॅमच्या आसपासची गोळी आणि 3.4 किलोची रायफल धरली तर धक्का 23-24 जूल, म्हणजे हलक्या एकनळीपेक्षा बराच कमी. तरी ही रायफल आम्ही नवख्याला सुचवणार नाही. धक्का तीक्ष्ण आणि आवाज कडक, पण खरं कारण जमीन आहे. कातळावरून, जांभ्याच्या गडग्यावरून गोळी उसळते आणि किलोमीटरच्या हिशोबात जाते. .22 चा धक्का एक जूलही नाही, रायफल क्लबात श्वास आणि चाप शिकायला तिच्यासारखी गुरू नाही. डुकराला मात्र ती अगदी कमी, आणि तिचीही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाते. न्यूझीलंड-कॅनडात गेलेली आपली मुलं तिथे रीतसर हरणाची शिकार शिकत असतील तर त्यांना .243 विंचेस्टर किंवा 6.5 क्रीडमूर घ्यायला सांगा. 12 ते 17 जुलांत काम होतं.

ठासणीची बंदूक ढकलते, झटका देत नाही, म्हणून खांद्याला सोसते. धोका भरण्यात आहे. बार भरलेला विसरून पुन्हा दारू घालणं, किंवा गोळा दारूपर्यंत न ठासता मध्येच सोडणं, या दोन कारणांनी नळी फुटते. ठासायचा गज रिकाम्या नळीत घालून एक खूण करा, भरल्यावर दुसरी. पावसात दारू ओलावते आणि केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) उडूनही बार निघत नाही. अशा वेळी नळी पूर्ण एक मिनिट सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवा.

देखभालीत एकच चूक घरोघरी दिसते: खोबरेल तेल. ते 24 अंशांखाली थिजतं. पौषातल्या पहाटे घोड्याच्या कमानीत गोठून बसलं की घोडा हळू पडतो आणि काडतुसावर नुसता ओरखडा येतो. शिलाई मशीनचं पातळ तेल वापरा. खाऱ्या वाऱ्यात नळी दर आठवड्याला आतून पुसा. कापडाच्या पिशवीत बंदूक पावसाळाभर ठेवू नका, कापड ओल धरतं. कागदी काडतुसं असतील तर जूनच्या आधी संपवा. ती फुगतात आणि घरट्यात अडकतात.