कॅरिबियनमधलं ‘एमडी’ आणि कागदावर नसलेली इंटर्नशिप

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडपासून पुण्या-नाशकापर्यंत हॉटेलांच्या हॉलमध्ये सेमिनार सुरू होतात. पडद्यावर निळा समुद्र, पांढरे कोट घातलेली मुलं आणि खाली ठळक ओळ: ‘एनएमसी अप्रूव्ड, साडेपाच वर्षांत एमडी, इंटर्नशिप अमेरिकेत’ (तिकडची एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या तोडीची डिग्री). बार्बाडोस, गयाना आणि आजूबाजूच्या कॅरिबियन देशांत ज्यांचे पैसे आणि वर्षं बुडाली, त्यांची फसवणूक या ओळीतच लिहिलेली होती. कॉलेज बोगस असतंच असं नाही. इमारत, प्राध्यापक, वसतिगृह सगळं खरं असू शकतं, आणि तरी भारतात परतल्यावर डिग्रीचा उपयोग शून्य.

आधी ‘अप्रूव्ड’चं बघू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देत नाही आणि मान्यताप्राप्त कॉलेजांची यादीही काढत नाही. एजंट जी यादी दाखवतो ती बहुधा ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’मधली असते. तिथे नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे, असं ती डिरेक्टरीच स्पष्ट सांगते. दुसरा आवडता कागद म्हणजे तिथल्या सरकारचा ‘चार्टर’. ती संस्था चालवायची परवानगी, शिक्षणाच्या दर्जाचा दाखला नाही. कॅरिबियन देशांसाठी दर्जा तपासणारी संस्था ‘कॅम-एचपी’. तिच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव स्वतः शोधा आणि पुढे काय लिहिलंय ते नीट वाचा: पूर्ण मान्यता, अटींसह, तात्पुरती, नाकारलेली, की काढून घेतलेली. एजंटच्या पीडीएफमधलं पत्र खरं असतं, पण दोन-तीन वर्षांपूर्वीचं असतं.

आता खरी मेख. आयोगाचे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे आहेत. त्यानुसार वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिने, त्यावर त्याच परदेशी संस्थेत १२ महिने इंटर्नशिप. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. अख्खा कोर्स एकाच संस्थेत, त्यातला कुठलाही तुकडा भारतात किंवा तिसऱ्या देशात नको. शिवाय ती डिग्री घेऊन त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने प्रॅक्टिस करण्याचा परवाना मिळाला पाहिजे.

माहितीपत्रकावरचा हिशोब या नियमाला लावून बघा. साडेपाच वर्षं म्हणजे ६६ महिने, ५४ अधिक १२, आकडा अगदी बरोबर दिसतो. पण आत सेमिस्टरवार तक्ता असतो, त्यात पहिले १६ महिने ‘प्री-मेड’. बारावीनंतर आलेल्या मुलाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र परत शिकवायचे हे महिने ५४ मध्ये धरता येत नाहीत. उरले ५० महिने, आणि इंटर्नशिप त्यातच कोंबलेली. म्हणजे १६ महिन्यांचा खड्डा, आणि तो पुढे कुठल्याही प्रमाणपत्राने बुजत नाही.

‘इंटर्नशिप अमेरिकेत’ हे त्याहून चतुर. बेटावर बेसिक सायन्स शिकायचं आणि शेवटची दोनेक वर्षं अमेरिकेतल्या रुग्णालयांत रोटेशन, म्हणजे आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत काम, करायची, ही कॅरिबियन कॉलेजांची जुनी पद्धत आहे. तिचं कारण साधं: बेटावर पेशंटच पुरेसे नाहीत. बार्बाडोसची लोकसंख्या तीन लाखांच्या आत. मोठं सरकारी रुग्णालय एकच, ब्रिजटाऊनचं क्वीन एलिझाबेथ, आणि तिथे वेस्ट इंडीज विद्यापीठाची मुलं आधीपासून शिकतात. खासगी कॉलेजांनी आपली मुलं न्यायची कुठे? ज्याला अमेरिकेतच डॉक्टर व्हायचंय, यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण, मिळवायचीय, त्याच्यासाठी ही वाट खरी आहे, अवघड असली तरी. पण ही रोटेशन म्हणजे क्लार्कशिप, विद्यार्थी म्हणून वॉर्डात शिकणं, कोर्सचाच भाग. भारताला हवी असलेली १२ महिन्यांची इंटर्नशिप ती नव्हे, आणि ती तिसऱ्या देशात झाली म्हणून ५४ महिन्यांचा हिशोबही मोडतो. अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला तर एजंट हात वर करतो, तो भाग वेगळाच.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘काही काळजी करू नका काका, इंटर्नशिप भारतात येऊन करता येते.’ भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी आहे. ३०० पैकी १५० गुण मिळवून एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांची इथली पात्रता परीक्षा, पार केल्यावर ती करायची असते, तिकडच्या इंटर्नशिपच्या बदल्यात नव्हे. दोन्ही लागतात.

म्हणून पैसे देण्याआधी कॉलेजला ईमेल करा, एजंटला नाही. चारच प्रश्न: प्री-मेड वगळून कोर्स किती महिन्यांचा? रोटेशन कोणत्या रुग्णालयात, कोणत्या देशात? १२ महिन्यांची इंटर्नशिप कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली? तिथली मेडिकल कौन्सिल या डिग्रीवर परवाना देते का? शेवटचा प्रश्न थेट त्या देशाच्या मेडिकल कौन्सिललाही पाठवा. उत्तर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून, लेटरहेडवर यायला हवं. व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज म्हणजे उत्तर नाही. ‘लेटर नंतर देऊ, सीट आधी ब्लॉक करा’ असं म्हणाले की तिथेच थांबा.

पैशांची पावती जवळून बघण्यासारखी असते. वर सल्लागार फर्मचं नाव, ‘प्रोसेसिंग व सीट कन्फर्मेशन’ असा मोघम तपशील, खाली बारीक अक्षरात ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’. कॉलेजचं नाव कुठेच नाही. फी ‘डॉलर’मध्ये लिहिलेली, पण कोणता डॉलर? बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, आणि पूर्व कॅरिबियनचे २.७० म्हणजे एक. तिथल्या चलनातली रक्कम अमेरिकी म्हणून वसूल केली की फी दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. ट्यूशन फी बँकेतून, फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज) भरून, थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवा आणि स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँक संदेशाची, प्रत मागून घ्या. दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि पासपोर्ट एजंटच्या कपाटात ठेवू नका. पुढचा हप्ता वसूल करायला तोच ओलीस असतो. ‘तिकडे व्हिसाच लागत नाही’ हे काही देशांतच, आणि तेही पर्यटकापुरतं. शिकायला विद्यार्थी परवाना लागतो, आणि तो कोण काढणार हे लेखी हवं.

एकदा फसलेल्यांना दुसऱ्यांदा गाठणारेही असतात. ‘त्या कॉलेजचं जाऊ द्या, शेजारच्या बेटावर ट्रान्सफर करून देतो, क्रेडिट सगळी धरतील.’ एकाच संस्थेच्या अटीमुळे अशा ट्रान्सफरने भारताचं दार आणखी घट्ट बंद होतं. तिथे मुलगा अडकला असेल तर आधी दूतावास. तो प्रत्येक बेटावर नाही. जॉर्जटाऊन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन आणि पारामारिबो इथून काम चालतं.

इकडे व्हॉट्सॲपचे संवाद पुसू नका, फोन बदलू नका, सगळ्या पावत्या आणि सेमिनारची जाहिरातसुद्धा जपून ठेवा. तक्रार पोलिसांत, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेत. १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, त्याआधीच्याला जुनं ४२०. सल्लागाराला दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो. त्याची मुदत दोन वर्षांची, आणि ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ या उत्तरावर एजंट नेमकी तीच मुदत संपवत असतो.