५० केएलडीचा तयार एमबीबीआर एसटीपी: बीओडी उतरतो, अमोनियाचं काय?

वडोदऱ्यात भायली, वासणा, गोत्रीकडच्या नव्या सोसायट्यांत लोखंडी टाक्यांचा हा तयार एसटीपी (मैलापाणी साफ करणारा प्लांट) सर्रास दिसतो. ५० केएलडी म्हणजे रोज ५० हजार लिटर; एमबीबीआर म्हणजे टाकीत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर, म्हणजे मीडियावर, जिवाणू वाढवून पाणी साफ करायची पद्धत. जागा कमी लागते, बसवून लवकर होतो आणि नीट चालवला तर बीओडी (सेंद्रिय घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) २० मिग्रॅ/लिटरच्या खाली आणतो. एवढ्यासाठी घ्यायचा तर माल चांगला आहे.

खोट अमोनियात आहे. २०१७ च्या केंद्रीय मानकांत अमोनिया नाहीच, म्हणून माहितीपत्रकातही नसतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एकूण नायट्रोजन १० मिग्रॅ/लिटरपर्यंत आणायला सांगितलं, तरी विक्रेते हवा देणाऱ्या ब्लोअरचा आकार अजून बीओडीवरच ठरवतात.

हिशेब करून बघा. ५० हजार लिटर मैलापाण्यात २५० मिग्रॅ/लिटर बीओडी धरला तर रोज १२.५ किलो, त्याला साधारण १५ किलो ऑक्सिजन. अमोनिया-नायट्रोजन ४० मिग्रॅ/लिटर धरला तर रोज २ किलो, आणि त्याचं नायट्रेट करायला (नायट्रीकरण) दर किलोला ४.५७ किलो ऑक्सिजन, म्हणजे आणखी ९ किलो. हा जादा ९ किलो ऑक्सिजन देणारा ब्लोअर कोटेशनमध्ये नसतो.

मीडियाचंही तेच. दर चौरस मीटरला दिवसाला अर्धा ग्रॅम नायट्रोजन धरला तर ४,००० चौ.मी. पृष्ठभाग हवा. ५०० चौ.मी./घ.मी.चा मीडिया असेल तर नुसत्या अमोनियासाठी ८ घनमीटर. शिवाय एकाच टाकीत बीओडी खाणारे जिवाणू झपाट्याने वाढून हळू वाढणाऱ्या नायट्रीकरणवाल्यांची जागा बळकावतात. दोन टाक्या एकामागे एक असलेलंच मॉडेल घ्या आणि दुसरीत विरघळलेला ऑक्सिजन ३-४ मिग्रॅ/लिटर ठेवा. क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) घटून पीएच पडला की नायट्रीकरण थांबतं, तेव्हा सोडा बायकार्ब घालावा लागतो.

अमोनिया उरला की शेवटी जंतू मारायला घातलेलं क्लोरीनही वाया जातं: दोघांचा मिळून क्लोरामाइन होतो, तो जंतू मारायला कमजोर, मग ऑपरेटर हायपो (क्लोरीनचं द्रावण) वाढवतो. जादा क्लोरीन माशांच्या पिल्लांना घातक.

हे पाणी जातं कुठे? कांसातून (नाल्यातून) विश्वामित्री नदीत, पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात. आखाताचं पाणी इतकं गढूळ की ऊन खोल पोचत नाही, त्यामुळे शेवाळ माजण्याआधी खरा फटका नदीतच बसतो. उन्हाळ्यात नदीचं स्वतःचं पाणी थोडं असतं, त्यात अमोनिया ऑक्सिजन ओढत राहतो, आणि पीएच व तापमान चढलं की त्याचं विषारी रूप वाढतं. भरती-ओहोटीच्या खाडीतोंडाशी वाढणाऱ्या पिल्लांची काळजी इथूनच घ्यायला हवी.

देखभालीत दोन जागा त्रास देतात. मीडिया अडवणारी जाळी केसांनी आणि धाग्यांनी बुजते, म्हणून पुढे बारीक चाळण हवीच. आणि नायट्रीकरण चांगलं चालू असताना निवळटाकीत गाळ पडून राहिला तर नायट्रोजनचे बुडबुडे तो वर उचलतात. गाळ रोज काढा.

ऑर्डर देताना करारात लिहून घ्या: बाहेरच्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन ५ मिग्रॅ/लिटरखाली, आणि नमुना सकाळी ९ वाजताच्या भरगच्च वेळचा. दुपारी ३ चा नमुना कोणताही प्लांट पास करतो.