एमएलएममधले माझे 14 महिने : जनरल स्टोअर्सच्या वहीतला रिव्ह्यू

पहिलंच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, कारण माझी मावसबहीण अजून त्यात आहे आणि भाऊबीजेला आम्ही सगळे एकाच घरात जमतो. पण बाकी सगळं लिहिणार. कारण आमच्या ग्रुपवर परत एकीनं विचारलंय की मला अशी एक एमएलएमची ऑफर आलीय (म्हणजे कंपनीचा माल विकायचा, खाली माणसं जोडायची आणि त्यांच्या विक्रीवर पण कमिशन), घरबसल्या काम आहे, करू का नको. आणि खाली निम्म्या बायका म्हणतायत फ्रॉड आहे गं पळ, निम्म्या म्हणतायत माझ्या जावेची स्कूटी त्यातून आली. दोघींचं खरं असू शकतं, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आमचं कराडला जनरल स्टोअर्स आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी आणि हे बघतो. म्हणजे माल घेणं, विकणं, उधारी मागणं, एक्स्पायरी बघून डिस्ट्रिब्युटरला माल परत करणं यात माझी 16 वर्षं गेलीत. तरी मी फसले. फसले पण नाही म्हणता येत, मी स्वतःच्या पायानं गेले.

झालं असं की ही मावसबहीण, म्हणजे आमची ताई, एकदा दुकानात आली आणि काउंटरवरच्या आमच्या टूथपेस्ट बघून म्हणाली, "यावर किती सुटतात तुला?" मी म्हणलं आठ-दहा टक्के. तर म्हणाली, "आणि तू दिवसभर उभी असतेस. मी झोपलेली असते तेव्हा पण माझी टीम काम करते." झालं, बाणच बसला. त्या आठवड्यात दोन डिस्ट्रिब्युटरची बिलं थकलेली, मोठ्याची दहावीची क्लासची फी भरायची, आणि ही म्हणतेय झोपेत पैसे.

जॉइनिंग फी शून्य. हे मीटिंग घेणारे सर लोक अगदी छातीठोक सांगतात आणि कागदोपत्री खरंच शून्य असते, कारण सरकारच्या डायरेक्ट सेलिंगच्या (दुकानाशिवाय थेट माल विकण्याच्या) नियमांत अशी फी बसतच नाही. मग करतात काय, तर तुम्ही पहिली खरेदी करायची. माझी 8,500 ची झाली. प्रोटीन पावडर, कसलातरी ज्यूस, टूथपेस्ट, फेसवॉश, कपड्याचं लिक्विड. त्याचे पॉइंट मिळतात, पॉइंट झाले की तुमचा आयडी ऍक्टिव्ह. आणि दर महिन्याला 1,500 ची रिपर्चेस करायची, नाही केली तर खालच्यांच्या (आपण जोडलेल्यांच्या) विक्रीचं कमिशन त्या महिन्यापुरतं बुडालं. मंथ क्लोजिंगला रात्री अकरा वाजता अपलाईनचे, म्हणजे आपल्या वरच्या मेंबरांचे फोन, "मॅडम, तुमचे चाळीस पॉइंट कमी पडतायत, एक डबा टाकून देऊ का?" टाकून देऊ का म्हणजे तुमच्या पैशानं बरं का.

प्रॉडक्टबद्दल खरं बोलते. टूथपेस्ट चांगली आहे, खरंच चांगली, फेस छान येतो, आमच्या सासूबाईंना आवडली. कपड्याचं लिक्विड ठीक, कॉलरचा मळ मात्र शेवटी वडीनंच गेला. ज्यूस म्हणजे कोकम सरबतात काढा घातल्यासारखा, त्यावर आमच्या मीटिंगमध्ये एकानं सांगितलं की त्याच्या वडिलांची शुगर गेली, मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या लगेच म्हणाल्या मग मी गोळी बंद करू का, तेव्हा पोटात गोळा आला माझ्या. असलं काही कुणी सांगितलं तर प्लीज गोळ्या बंद करू नका. प्रोटीन पावडर दुसऱ्या कुठल्याही पावडरसारखी पावडर. फक्त किंमत बघा. टूथपेस्ट 165 ला, जी माझ्या दुकानात तेवढ्याच वजनाची 95 ला आहे. पावडर मला मेंबर रेटनं जेवढ्याला पडली त्याच्यापेक्षा कमी भावात ऑनलाईन ऍपवर मिळत होती, कुणीतरी माझ्यासारखीच अडकलेली बाई स्टॉक काढत असणार. सरांना विचारलं तर म्हणाले ते डुप्लिकेट असतं.

आता दुकानदार म्हणून मला पहिल्या महिन्यातच जे कळायला पाहिजे होतं ते सातव्या महिन्यात कळलं. मी दुकानात एक टूथपेस्ट विकली की गिऱ्हाईक परत महिन्यानं येतं. पण इथं गिऱ्हाईक मिळालं की त्याला पेस्ट विकून थांबायचं नाही, त्यालाच म्हणायचं तूपण दुकान काढ. म्हणजे माझ्याच गल्लीत मीच अजून दोन दुकानं उघडायची, मग त्या दोघींनी अजून दोन-दोन उघडायची, आणि सगळ्यांच्या दुकानात तीच पेस्ट. मग घेणार कोण? मीच घेत होते. आणि ताई घेत होती. आणि माझ्या खालच्या दोघी घेत होत्या. बाहेरचं गिऱ्हाईक, म्हणजे ज्याला नुसते दात घासायचेत आणि डायमंड (म्हणजे वरच्या लेव्हलचा मेंबर) व्हायचं नाहीये असं, चौदा महिन्यांत मला मोजून अकरा भेटली, त्यातली सात नात्यातली.

प्लॅन होता लेफ्ट-राईटवाला. दोन पाय म्हणतात त्याला. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्हीकडचा बिझनेस जुळला की पेअर. माझ्या मोठ्या मुलानं एकदा काउंटरवर पारलेजीचे पुडे मांडून दाखवलं मला. वर एक, खाली दोन, मग चार, मग आठ. म्हणाला आई, वरचे सगळे मिळून पंधरा झाले ना, आता पुढची ओळ किती? सोळा. म्हणजे शेवटची ओळ कायम वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा एकनं जास्त. आणि शेवटच्या ओळीखाली कुणीच नसतं. मी बराच वेळ त्या पुड्यांकडे बघत बसले. म्हणजे झाड पूर्ण भरलं तरी, सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी, कुणीही आळशी नसलं तरी, निम्म्याहून जास्त लोकांच्या खाली कुणी नसणारच. मीटिंगमध्ये सांगतात की ज्याला जमलं नाही त्यानं मेहनत घेतली नाही. अहो पण सोळा पुड्यांचा काय दोष?

त्यानं पुढं पण गणित केलं. वरचा एक सोडून खाली मोजत गेलं तर सोळाव्या पायरीला 65,536 माणसं लागतात, 2011 च्या जनगणनेत आमच्या कराड नगरपालिकेच्या हद्दीत पंचावन्न हजारसुद्धा भरत नव्हती. सत्ताविसाव्या पायरीला 13 कोटींच्या वर, आणि त्याच जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटी. तान्ही बाळं आणि व्हेंटिलेटरवरची म्हातारी धरून.

ताईला हे सांगितलं तर तिनं नेहमीचं उत्तर दिलं की नोकरीतपण वर एकच साहेब असतो आणि खाली शंभर शिपाई, तोही पिरॅमिडच की. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, रात्री भांडी घासताना सुचलं. शिपायाला एक तारखेला पगार मिळतो. साहेबाला टार्गेट गाठता यावं म्हणून शिपाई स्वतःच्या खिशातून ऑफिसच्या खुर्च्या विकत घेत नाही.

कायद्याचं पण वाचलं मी नंतर, आधी वाचायला पाहिजे होतं. 1978 चा कायदा आहे, प्राईझ चिट आणि मनी सर्क्युलेशन बंदीचा, नुसती माणसं जोडून पैसे फिरवणं त्यात गुन्हा आहे. खरा माल विकणारी डायरेक्ट सेलिंग कंपनी कायदेशीर, नुसती माणसं जोडण्यावर चालणारा पिरॅमिड बेकायदेशीर, आणि मधे जी धूसर पट्टी आहे त्यात ही सगळी मीटिंगची हॉलं भरतात. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारनं डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले, त्यात एक गोष्ट वाचून मला हसूच आलं, तुम्ही अजून गिऱ्हाइकं आणलीत की तुमचे पैसे वसूल होतील असं सांगून माल विकायचा नाही असं लिहिलंय. आमच्या सरांचं पहिलं वाक्य तेच होतं. अजून एक, विक्रेत्यानं आयकार्ड लावून आणि आधी वेळ घेऊनच कुणाच्या घरी जायचं. ताई तर माझ्याकडे चपला न काढता आत यायची.

मोठ्या नावांचं पण काही सरळ नाही. एप्रिल 2022 मध्ये ईडीनं ऍमवे इंडियाच्या 757 कोटींच्या वरच्या मालमत्तेवर टाच आणली, त्यांचं म्हणणं वस्तूंच्या किमती बाजारापेक्षा अवाच्या सवा आणि सगळा भर मेंबर जोडण्यावर, कंपनीचं म्हणणं हे 2011 पासूनच्या जुन्या चौकशीचं प्रकरण आहे. अमेरिकेत 2016 ला हर्बालाईफ या एमएलएम कंपनीनं 20 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, आणि त्यांना सांगण्यात आलं की कमिशन खऱ्या गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर द्या. मला ते वाचून वाटलं अरे हेच तर मी पारलेजीवर शिकले. आणि स्पीक एशिया आठवतंय का, 11,000 भरा आणि घरबसल्या सर्व्हे भरा, 2011 मध्ये बोंबललं ते, आमच्या यांचे 11,000 त्यात गेलेले. आणि तरी मी. हे तेव्हापासून एकदाही बोलले नाहीत मला, त्याचं जास्त वाईट वाटतं.

हिशोब देते, वहीत आहे. पहिली खरेदी 8,500, तेरा रिपर्चेस मिळून 19,500, कोल्हापूर-पुणे-लोणावळा सेमिनारची तिकिटं आणि एसटी धरून 6,200. एकूण 34,200 गेले. कमिशन टीडीएस कापून बँकेत आले 6,970, विकलेल्या मालाचे हातात आले 4,850. घरात वापरलं ते सगळं माझ्याच दुकानातल्या साध्या मालानं भागवलं असतं तर 7,000 चं झालं असतं, ते पण जमेला धरते. तरी 15,380 चा खड्डा. यात माझा वेळ नाही धरला. आणि लोणावळ्याला "निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा" हे ऐकायला जे दोन दिवस दुकान यांच्या एकट्याच्या गळ्यात टाकलं ते पण नाही धरलं.

आणि वहीत न बसणारं अजून एक आहे. पहिल्याच आठवड्यात शंभर नावांची यादी करायला लावतात. शंभर नावं! माझी यादी म्हणजे माझ्या दुकानाची उधारीची वहीच होती जवळजवळ. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं, वाण म्हणून फेसवॉशचे सॅशे आणले, बायका आल्या, तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि मग ताईनं लॅपटॉप उघडला. मी त्यांचे चेहरे बघत होते. नटूनथटून आलेल्या बायका, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि समोर स्क्रीनवर कुणाची तरी लाल गाडी. उठून जाता येईना त्यांना, कुंकू लावून घेतलेलं ना. त्यानंतर महिनाभरात मला जाणवलं की पलीकडच्या गल्लीतली जोशीकाकू समोरच्या फुटपाथवरून जाते. आधी रोज दूध-ब्रेड माझ्याकडून घ्यायची. मग अजून दोघी. मी काही विकायला लागेन म्हणून बायका माझ्या दुकानात यायच्या थांबल्या, दुकानात! पुढच्या संक्रांतीला सतरा जणींना बोलावलं, सहा आल्या, त्यातल्या दोघी माझ्याच डाऊनलाईन, म्हणजे मीच जोडलेल्या.

त्या डाऊनलाईनचं बोलायचं तर एक माझी भिशीतली मैत्रीण होती, शिलाईकाम करते. तिचे 8,500 म्हणजे किती ब्लाऊज ते मी मोजलेत. तिच्या जॉइनिंगचं जे कमिशन मला मिळालं ते मी तिला परत दिलं, बाकीचं देऊ शकले नाही. ती अजून बोलते माझ्याशी, पण पूर्वीसारखं ब्लाऊज देताना गळ्याबद्दल भांडत नाही.

चांगलं काहीच नाही का, तर आहे. ताई आधी चार माणसांत बोलायची नाही, आता माईक घेऊन दोनशे लोकांसमोर बोलते, ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला अभिमान वाटला होता. कित्येक बायकांना घराबाहेर पडायला पहिल्यांदा कारण मिळतं तिथं, टाळ्या मिळतात, कुणीतरी त्यांना मॅडम म्हणतं. घरात चहा चांगला झाला तरी कुणी सांगत नाही, तिथं दहा पॉइंटला पण उभं करून टाळ्या. मला वाटतं निम्म्या बायका पैशासाठी नाही, त्या टाळ्यांसाठी टिकतात. आणि ताईला पैसे मिळतात का, तर मिळतात, तिनं लवकर सुरू केलं आणि तिच्या खाली बरेच आहेत. तिची पण स्कूटी त्यातूनच आली. पण तिच्या घरातल्या बेडखाली पण डबे आहेत, मी झाडू मारायला मदत केली तेव्हा बघितले.

सोडायचं असेल तर, करारात कूलिंग ऑफचे दिवस दिलेले असतात, त्या दिवसांत मन बदललं तर बाहेर पडता येतं. माझे 30 दिवस होते, ते मी मोटिव्हेशनमध्ये घालवले. करार मोबाईलवर ओटीपी टाकून झाला होता, वाचला कुणी? नंतर ग्राहक हेल्पलाईनला, 1915 ला, तक्रार नोंदवली, मग कंपनीनं तीन सीलबंद डबे परत घेतले आणि पैसे कापून 1,860 दिले. म्हणजे खड्डा आता 13,520.

तर जिनं विचारलंय तिला एवढंच विचारते, तुझ्या अपलाईनला विचार की मागच्या महिन्यात मेंबर नसलेल्या किती जणांनी तुमचा माल घेतला, बिलं दाखवा. आमच्या सरांना मी शेवटी हे विचारलं तेव्हा त्यांनी मला टीमच्या ग्रुपमधून काढलं.

रेटिंग : टूथपेस्टला चार स्टार, लिक्विडला तीन, ज्यूसला एक, लोणावळ्याच्या हॉटेलातल्या मिसळीला पाच, आणि धंदा म्हणून शून्य. टूथपेस्ट दोन शिल्लक आहेत, एक्स्पायरीला वेळ आहे, एमआरपीच्या निम्म्या भावात देईन, दुकानात येऊन घेऊन जा. आयडी लावायचा नाहीये, शपथ.