रेपॲडमिन आणि मंडळी: विंडोज सर्व्हरसोबत मिळणारी साधने कितपत कामाची?

फोर्टमध्ये मुख्य कार्यालय, अंधेरीला लेखा विभाग आणि भिवंडीला गोदाम, अशी मांडणी असलेल्या मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांमध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीची, म्हणजे कंपनीतली खाती, पासवर्ड आणि संगणक यांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेची, जबाबदारी बहुधा एकदोन माणसांवरच असते. देखरेखीच्या महागड्या सॉफ्टवेअरची मागणी दरवर्षी वर जाते आणि दरवर्षी परत येते. अशा माणसांना विंडोज सर्व्हरच्या परवान्यातच मिळणाऱ्या साधनांवर भागवावे लागते. त्या साधनांवर खरोखर भागते का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो: काळ्या पडद्यावर चालणारी जुनी साधने आजही सर्वांत भरवशाची आहेत, आणि त्यांच्यानंतर आलेल्या देखण्या खिडक्या नित्याच्या कामापुरत्या ठीक आहेत.

पहिला मान रेपॲडमिनचा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली, आणि डोमेन कंट्रोलर (ही नोंद सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांकडून बदल उचलतात की नाही हे पाहायला इतक्या वर्षांनीही याहून सरळ साधन माझ्या पाहण्यात नाही. त्याचा रेपलसमरी हा पर्याय चालवला की दोन छोटे तक्ते समोर येतात: एकात बदल देणारे सर्व्हर, दुसऱ्यात घेणारे. प्रत्येक ओळीत शेवटच्या यशस्वी देवाणघेवाणीला किती काळ लोटला, किती प्रयत्न फसले आणि त्रुटीचा क्रमांक काय, एवढेच असते. जो सर्व्हर गाठताच आला नाही त्याचे नाव तक्त्यांच्या खाली ५८ या क्रमांकासह वेगळे येते. नवखा माणूस नेमक्या त्याच ओळीकडे दुर्लक्ष करतो, कारण वरचे आकडे बऱ्यापैकी निरोगी दिसत असतात.

त्रुटीचे क्रमांक ओळखू येऊ लागले की अर्धे निदान तिथेच होते. ८५२४ दिसला तर आधी डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा, पाहावी. १७२२ दिसला तर बहुतेक वेळा वाटेतला फायरवॉल पाहावा. आमच्या गोदामातला फायरवॉल बदलून देणाऱ्या कंत्राटदाराने १३५ क्रमांकाचे पोर्ट (संगणकांच्या संवादाचे दार) उघडे ठेवले होते, पण पुढचे बोलणे ज्यांवर होते ती ४९१५२ ते ६५५३५ ही पोर्टची मालिका बंद केली होती. त्यामुळे पिंग जात होते, नाव सापडत होते, १३५ वर उत्तरही येत होते आणि तरीही रेप्लिकेशन, म्हणजे बदलांची देवाणघेवाण, ठप्प होते. ‘लाइन तर चालू आहे’ हे त्याचे म्हणणे तसे खरेच होते, आणि म्हणूनच त्याचे मन वळवायला वेळ लागला. रेपॲडमिनचा तक्ता आणि पोर्ट उघडे आहे का ते तपासणाऱ्या पोर्टक्वेरीचे उत्तर शेजारी शेजारी ठेवल्यावर वाद मिटला.

रेपॲडमिनकडे एक गोष्ट मात्र मागू नये. दोन साइटमधला (ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदवलेल्या दोन ठिकाणांमधला) दुवा काही न बदलता ठेवला तर बदल दर १८० मिनिटांनी जातात, आणि त्या अवधीत तक्ता सगळे आलबेल दाखवतो. फोर्टमध्ये सकाळी तयार केलेले खाते भिवंडीला दुपारपर्यंत दिसत नाही, ते याच कारणाने. यात बिघाड काहीच नाही. हा अवधी १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतो आणि आजच्या लीज लाइनवर तो आणायलाच हवा.

डोमेन कंट्रोलरची तब्येत तपासणाऱ्या डीसीडायगबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. त्याची व्याप्ती मोठी आहे, पण कशाला किती महत्त्व द्यावे हे त्याला कळत नाही. सिस्टीमलॉग ही त्याची एक चाचणी गेल्या तासाभरातल्या सिस्टीम लॉगमध्ये कोणतीही त्रुटी सापडली की नापास होते. कोणी रिमोट डेस्कटॉपने आत आला आणि त्याच्या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर नसला, तरी तेवढ्यावर डोमेन कंट्रोलर नापास! उलट डीएनएसची सविस्तर चाचणी, जिची गरज सर्वांत जास्त, ती वेगळी मागितल्याशिवाय चालतच नाही. वरिष्ठांना दाखवण्यासाठी हा अहवाल जसाच्या तसा पाठवू नये, नाहीतर प्रिंटरचा खुलासा करण्यातच आठवडा जातो.

वेळेच्या तक्रारींसाठी डब्ल्यू३२टीएम आहे, आणि ते छोटेखानी साधन मला फार आवडते. लॉगइनच्या वेळी ओळख पटवणारा कर्बेरोस मुळात घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. नवा संगणक डोमेनमध्ये घेताना वेळेच्या फरकाची तक्रार येते, आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले तर मिनिटाचाही फरक दिसत नाही, असे आमच्याकडे मे महिन्यात घडले. डब्ल्यू३२टीएमचा स्ट्रिपचार्ट हा पर्याय लावल्यावर फरक दिसला तो सुमारे ४५,००० सेकंदांचा, म्हणजे साडेबारा तासांचा. संगणकाचा टाइम झोन अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवरच राहिला होता आणि पुरवठादाराच्या माणसाने तो न बदलता नुसते काटे पुढे करून मुंबईची वेळ लावली होती. कर्बेरोस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर हिशेब करतो, त्यामुळे पडद्यावरची वेळ बरोबर असण्याला काहीच अर्थ नव्हता.

एनएलटेस्टचा उपयोग मर्यादित, पण नेमका. संगणकाला कोणता डोमेन कंट्रोलर मिळाला आणि तो कोणत्या साइटमध्ये आहे, हे ते एका ओळीत सांगते. भिवंडीचे संगणक लॉगइनसाठी फोर्टला जात असतील तर नवा सबनेट (तिथल्या संगणकांच्या पत्त्यांचा गट) साइटशी जोडायचा राहिला आहे असे खुशाल समजावे.

खाते वारंवार लॉक होण्याच्या तक्रारीत मात्र सोबतची साधने कमी पडतात. सुरक्षा लॉगमधली ४७४० क्रमांकाची नोंद पीडीसी एम्युलेटर या भूमिकेतल्या डोमेन कंट्रोलरवर शोधली की कोणत्या संगणकावरून चुकीचे पासवर्ड आले त्याचे नाव मिळते, पण पुढचा माग माणसानेच काढायचा: जुना पासवर्ड साठवलेला मोबाइल, विसरलेले शेड्यूल्ड टास्क, नाहीतर कधीच बंद न केलेले रिमोट डेस्कटॉपचे सत्र. मायक्रोसॉफ्टचे वेगळे उतरवून घ्यावे लागणारे लॉकआउटस्टेटस हे साधन सर्व्हर २००३च्या काळातले आहे, आणि अजूनही तेच वापरावे लागते यावरून या बाबीकडे किती लक्ष दिले गेले ते समजावे.

२०१८ साली आलेले विंडोज ॲडमिन सेंटर ब्राउझरमध्ये चालते. खाते शोधणे, पासवर्ड बदलणे अशी कामे नव्या सहकाऱ्याकडे सोपवायला ते सोयीचे आहे, पण बिघाडाच्या दिवशी मी ते उघडत नाही. त्याहून ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमधला, हटवलेली खाती परत आणणारा रीसायकल बिन मोलाचा वाटतो. मात्र तो आधी सुरू करून ठेवलेला असावा लागतो आणि एकदा सुरू केल्यावर बंद करता येत नाही.

या सगळ्या साधनांचा खरा दोष असा की ती विचारल्याशिवाय बोलत नाहीत. टूम्बस्टोनची, म्हणजे हटवलेल्या नोंदीची खूण जपून ठेवण्याची, मुदत साधारणपणे १८० दिवसांची असते. एखादा सर्व्हर त्याहून अधिक काळ बदलांना मुकला तर २०४२ क्रमांकाची नोंद होते आणि तोपर्यंत तो सर्व्हर काढून नव्याने बसवण्याची वेळ आलेली असते. म्हणून रेपलसमरीचा निकाल रोज सकाळी ईमेलने येईल अशी व्यवस्था पॉवरशेल या विंडोजच्या आदेशभाषेत स्वतःच करावी लागते. दोन-तीन डोमेन कंट्रोलर असलेल्या कंपनीला तेवढे पुरते. दहाच्या पुढे संख्या गेली तर देखरेखीच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे मागावेत, आणि या वेळी नेटाने मागावेत.

सर्व्हर २०१६ अजून वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो, त्यामुळे नवे सर्व्हर घेण्याची बोलणी सुरू असतील तर आधी डीएफएसआरमिग हे साधन चालवून सिसव्हॉल (डोमेन कंट्रोलरांमधले सामायिक फोल्डर) अजून एफआरएस या जुन्या देवाणघेवाणीच्या पद्धतीवर आहे का ते पाहून घ्यावे. तसे असेल तर सर्व्हर २०१९ किंवा त्यानंतरची आवृत्ती त्या डोमेनमध्ये डोमेन कंट्रोलर होऊ शकत नाही, आणि हे खरेदीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.