समाधान पोर्टलवरून थकीत बिलाची तडजोड: काही महिने वापरल्यावर

समाधान पोर्टल म्हणजे सूक्ष्म आणि लहान उद्योगांनी थकलेल्या बिलासाठी अर्ज करायची सरकारी वेबसाइट; अर्ज राज्याच्या परिषदेपुढे जातो, तिथे आधी समेट, नाही जमला तर निवाडा. या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने खरेदीदाराला पैसे द्यायला जास्तीत जास्त 45 दिवस, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, हे इथे येणाऱ्या बहुतेकांना पाठ आहे, ते सोडून देतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) ऑर्डरच्या आधीची असेल तर पुढचा एक मोठा वाद टळतो, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. एवढं तपासून घ्या.

अर्ज भरणं अवघड नाही. सगळं अडतं ते डिलिव्हरी चलनावरच्या (मालासोबत जाणाऱ्या कागदावरच्या) शिक्क्यापाशी, आणि यावर कोणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्तच बोलणार आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणजे तुमचा अख्खा दावा एका तारखेवर उभा, आणि ती तारीख टाकणार गेटवरचा सिक्युरिटीवाला! चलनावर कंपनीचा गोल शिक्का असतो, खाली कोंबडीने पाय फिरवल्यासारखी सही असते, तारखेची जागा कोरी. मग काही महिन्यांनी मागची तारीख टाकलेली ‘रिजेक्शन’ची डेबिट नोट (माल नाकारला म्हणून बिलातून रक्कम कापल्याचा कागद) येते आणि सरळ थकबाकीचा ‘वाद’ होतो.

उपाय फुकटातले आहेत. ड्रायव्हरला सांगून ठेवा की इनवर्ड नंबर (गेटवरच्या आवक नोंदीचा क्रमांक) आणि तारीख हाताने लिहून घेतल्याशिवाय गाडी काढायची नाही. त्याच दिवशी चलनाचा फोटो परचेस आणि अकाउंट्स दोघांनाही मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून गप्प बसू नका. ई-वे बिल आणि बिल्टी हे वाहतुकीचे कागद चलनाला टाचून ठेवा. जुन्या मालाचं चलन कोरं असेल तर समोरच्याकडे जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) मागा. डेबिट नोट आलीच तर एकच प्रश्न लेखी विचारा: माल नाकारला होता, तर त्या बिलाचं इनपुट क्रेडिट (बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट) उलटवलं का? माल खराब म्हणायचं आणि क्रेडिट घेऊन बसायचं, दोन्ही जमत नाही. शिवाय 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतंच. कामाच्या बिलावर टीडीएस कापलेला 26एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या तक्त्यात) दिसत असेल, तर बिल त्यांच्या खात्यात चढलं होतं हे वेगळं सांगायला नको.

आता व्याज. सुरुवातीला हेच मोठं हत्यार वाटतं. बँक रेट 6.75 टक्के असताना (फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं तो तिथेच होता) दर 20.25 टक्के पडतो. दरमहा चक्रवाढीने 4 लाखांवर वर्षाला सुमारे 89 हजार. आकडा भारदस्त आहे, पण पुढे मत बदलतं. व्याजाला पार्टी घाबरत नाही, ‘बघू’ म्हणते. तिला खरं बोचतं ते दुसरंच: परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. भरीला हे व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, आणि 2023-24 पासून उशिरा दिलेलं मूळ बिलही ज्या वर्षी दिलं त्याच वर्षी वजा होतं. त्यामुळे मार्चमध्ये त्यांच्या सीएचाच फोन येतो. तेव्हा व्याजाचा तक्ता पूर्ण काढा, समोर ठेवा, आणि तडजोडीत सोडायचं ते व्याजातूनच सोडा. मुद्दल सोडलं की जीएसटीचा गुंता: तुटीची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा तुमचा कागद) करातून वजा करायची असेल तर ज्या आर्थिक वर्षात माल दिला ते संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरच्या आत दाखवावी लागते, आणि तेव्हाही कायद्याच्या अटीत बसली तरच. नाहीतर न मिळालेल्या पैशांवरचा कर तुमच्याच खिशातून.

समेटाच्या टप्प्यावर पार्टी गोड बोलते. ‘अर्ज मागे घ्या, आठवड्यात आरटीजीएस करतो.’ घेऊ नका. बाहेर केलेला करार म्हणजे नुसता कागद. समेटात दोघांच्या सह्यांनी झालेल्या कराराला लवादाच्या निवाड्याचा दर्जा मिळतो, त्यावर थेट वसुली लावता येते. त्यात बिल क्रमांकानुसार रकमा, टीडीएस आधीच कापलाय की आता कापणार, हप्त्यांच्या तारखा हे सगळं येऊ द्या. सर्वांत महत्त्वाचं वाक्य: एक हप्ता चुकला तर व्याजातली सूट रद्द, भरलेली रक्कम वजा जाता सगळी बाकी व्याजासह त्याच दिवशी देय. ‘पूर्ण व अंतिम’ची पावती पहिल्या हप्त्याला मागतात, ती शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच. पुढच्या तारखांचे चेक घेतले तर परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

कायद्यात निकालाला 90 दिवस दिलेत. त्या भरवशावर कोणाला पुढचे चेक देऊ नका.

ज्यांना हे लागू नाही त्यांच्यासाठी: व्यावसायिक वाद 3 लाखांचा किंवा वरचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीचीच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे 1,000 रुपये भरून अर्ज; समोरचा आला तर 10 लाखांपर्यंत मध्यस्थाची फी 15,000, दोघांत निम्मी-निम्मी. न आल्यास तसा अहवाल मिळतो, तो जोडून दावा लावायचा. मध्यस्थीचा काळ दावा लावण्याच्या मुदतीच्या तीन वर्षांतून वगळला जातो.