कोबाल्ट की लिनॅक?
सोलापुरात कर्करोगावर किरणोपचार सुरू करू पाहणाऱ्या रुग्णालयाने कोबाल्ट यंत्र (किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० वापरणारे) घेतले काय किंवा लिनॅक (विजेवर किरण तयार करणारे यंत्र) घेतले काय, अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतोच. तंत्रज्ञाच्या छातीवरचा, अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅजही दोन्हीकडे तोच.

खरा फरक वीज गेल्यावर कळतो. लिनॅकचे किरण त्याच क्षणी थांबतात. कोबाल्ट-६० मात्र शिशाच्या कवचाआड किरणोत्सर्ग करीतच राहतो आणि त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे ५.२७ वर्षे लागतात. म्हणून त्याची राखण आणि वापरानंतरची परत पाठवणी या जबाबदाऱ्या वाढतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्टने (तो प्रयोगशाळेतला होता) एकाचा जीव घेतला, हे माझ्या मनातून जात नाही.

लिनॅक महाग आहे, त्याची देखभालही किचकट आहे. तरी माझे मत लिनॅकलाच.