बिलात चार इरिडियम, इंजिनात दोन जुनेच

बिलावर लिहिलं होतं: इरिडियम प्लग (बारीक टोकाला इरिडियम धातू असलेले, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग) ४ नग, ३,४०० रुपये. त्याखाली ‘गॅप सेटिंग’ (प्लगचं मधलं टोक आणि त्यावरची पट्टी यांतलं अंतर लावणं) ४०० आणि मजुरी वेगळी. गाडी चार सिलिंडरची, पेट्रोल-सीएनजीवर चालणारी साधी हॅचबॅक. तीन आठवडे बरी चालली. मग खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये झटके द्यायला लागली, इंजिनचा दिवा पेटला आणि स्कॅनरवर पी०३०३ हा कोड आला, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग, इंधन नीट पेटत नाही. त्याच गॅरेजने सांगितलं, कॉईल (प्लगला व्होल्टेज देणारी) गेली, २,४०० होतील.

मालकाने कॉईल न घेता दुसरीकडे चारही प्लग काढून घेतले आणि क्रमाने फडक्यावर मांडले. एक आणि चार नंबरचे सुईसारख्या बारीक टोकाचे. दोन आणि तीन नंबरचे जाड टोकाचे, साधे निकेलचे, पस्तीसेक हजार किलोमीटर चाललेले. गाडीचे आधीचेच, घासून-पुसून परत बसवलेले.

गॅरेजच्या कामात प्लगइतकी सोयीची लबाडी दुसरी नाही. टायर डोळ्यांसमोर असतो, ऑईल डिपस्टिकवर दिसतं. प्लग मात्र कॉईलच्या खाली खोल विहिरीत बसतो आणि वर्षानुवर्षं कुणी बघायला जात नाही. नव्याचा डबा दाखवला की गिऱ्हाईक खूश.

गॅप मोजला तेव्हा बाकीचं उघड झालं. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये १.० ते १.१ मिलिमीटर दिलाय. निघाले असे: एक नंबर ०.८, दोन नंबर १.२५, तीन नंबर ०.७, चार नंबर ०.९५. एकाच डब्यातले चार नवे प्लग असे चार तऱ्हांचे निघत नाहीत.

जुना प्लग नवा म्हणून कसा खपवतात ते दोन नंबरवर नीट दिसत होतं. वायर ब्रश मारला की काजळी जाते, चिनीमाती पांढरी होते, लांबून नवा वाटतो. पण झिजलेली कड परत येत नाही. नव्या निकेल प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण अडीच मिलिमीटर जाड असतो आणि त्याची कड काटकोनात, नखाला लागेल अशी. चाललेल्या प्लगची कड गोलसर होते आणि वरच्या पट्टीला आतून खड्डा पडतो. म्हणूनच जुन्या प्लगवर चपटा फिलर गेज (गॅप मोजायचं पातं) फसवतो: पातं खड्ड्यावरून सरळ जातं आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. तारेचा गोल गेज वापरा. आणखी एक खूण वायसरची. न वापरलेल्या प्लगचा वायसर फुगीर असतो. एकदा आवळला की चेपून चपटा होतो, आणि तो ब्रशने फुगवता येत नाही.

तीन नंबरवर झिजेने वाढलेला गॅप पट्टी ठोकून खाली आणला होता. पट्टी तिरकी बसलेली, एका कडेला ०.७, दुसऱ्या कडेला बराच जास्त. ठोकताना मधल्या चिनीमातीच्या नाकाला केसासारखी चीर गेली होती. इंजिनवर भार नसताना ठिणगी जिथे पडायची तिथेच पडते. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, मग ती गॅप ओलांडण्यापेक्षा त्या चिरेतून पळते. सीएनजीवर हे आधी जाणवतं, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर टाकली की गाडी जरा सुधारते आणि मेकॅनिक ‘गॅसकिटचा प्रॉब्लेम’ म्हणून मोकळा होतो.

आता एक आणि चार नंबर. टोक बारीक होतं, पण माल डुप्लिकेट. इरिडियमचं टोक ब्रँडप्रमाणे ०.४ ते ०.६ मिलिमीटरचं असतं, धातू अतिशय कठीण, जवळपास २,४५० अंश सेल्सिअसला वितळणारा. नकली प्लगमध्ये तेवढंच बारीक टोक साध्या धातूचं काढलेलं असतं. ते झपाट्याने झिजतं, म्हणजे शंभर-सव्वाशेच्या निकेल प्लगपेक्षाही वाईट. निकेल निदान जाड तरी असतो. ओळखायचं कसं? छपाई पुसट, अक्षरं तिरकी. पट्टी मधल्या टोकाच्या बरोबर वर न येता बाजूला सरकलेली. आटे खरबरीत. वायसर बोटांनी फिरवून सहज बाहेर निघतो. चांगल्या कंपनीच्या प्लगवर तो अडकवलेला असतो. आणि मल्टीमीटर असेल तर छापलेल्या कोडमध्ये ‘आर’ (रेझिस्टर) असलेल्या प्लगचं वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रेझिस्टन्स मोजा. साधारण ५,००० ओहम यायला हवा. या दोघांपैकी एकाने शून्य दाखवला, म्हणजे आत रेझिस्टर नावाला नाही.

‘गॅप सेटिंग’चे ४०० हा तर वेगळाच विनोद. नवा प्लग कारखान्यातून गॅप लावूनच येतो आणि बऱ्याचदा कोडमध्ये तो लिहिलेला असतो. एनजीकेच्या बीकेआर६ई-११ मधला शेवटचा ११ म्हणजे १.१ मिलिमीटर, डेन्सोच्या के२०पीआर-यू११ मधलाही तोच. (मधला ६ किंवा २० हा उष्णतेचा आकडा. या दोन कंपन्यांत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा; बॉशमध्ये उलटं. ‘नंबर सेमच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग कुणी देत असेल तर घेऊ नका.) नव्या प्लगचा गॅप तपासायचा असतो, कारण डबा पडला तर पट्टी दबते. तपासायला चार प्लगना दोन मिनिटं पुरतात.

लावायची वेळ आलीच तर फक्त वरची पट्टी हलवायची, गेजवरच्या खाचेत धरून, आणि ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त लागत असेल तर प्लगच चुकीचा आलाय. नाण्यासारखा गोल गेज मधल्या टोकावर टेकवून पट्टी उचकटायची सवय निकेलच्या जमान्यातली; इरिडियमचं टोक त्याने तुटतं किंवा चिनीमातीला चीर जाते. ‘सीएनजीला गॅप कमीच ठेवतात’ असं ऐकवलं जातं. काही गाड्यांत ते बरोबरही आहे, पण तो आकडा मॅन्युअलमध्ये किंवा किटच्या कागदावर दाखवायला सांगा. इथे चार प्लगना चार गॅप होते. त्याला सेटिंग म्हणत नाहीत.

प्लग बदलताना गाडीजवळ उभे राहा, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. इंजिन थंड हवं; इंजिनच्या वरच्या भागातून, म्हणजे गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढला तर आटे सोबत येतात. आधी विहिरीत हवा मारायची, मगच प्लग सैल करायचा. सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडू द्या, कोड बिलावर लिहून घ्या, आणि जुने चारही प्लग मागून घ्या. ‘टाकून दिले’ हे उत्तर आलं की समजा ते टाकलेले नाहीत. नवा प्लग आधी हाताने पूर्ण फिरला पाहिजे, सुरुवातीलाच पाना लावणारा आटे खातो. १४ मिलिमीटरच्या वायसरवाल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर इतकंच आवळायचं. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस नको, त्याने पाना ठरल्यापेक्षा जास्त आवळतो.

पक्कं बिल हातात असल्याने या मालकाला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली. बिल, चारही प्लग आणि गेज लावलेले फोटो त्याने एकत्र ठेवलेत.

राहिली कॉईल. ती गेली की नाही हे बघायला फुकटची एक युक्ती आहे: तीन नंबरची कॉईल एक नंबरवर लावायची, एकची तीनवर. मिसिंग पी०३०१ वर सरकलं तर कॉईल खराब. इथे कोड पी०३०३ वरच थांबला. मग तीनचा प्लग चारवर बसवला, तेव्हा कोड पी०३०४ आला. कॉईल चांगलीच होती, आणि चार नवे प्लग पडल्यावर ती आजही त्याच गाडीत चालतेय.